पाहुणा ते रहिवासी : कागदांमधून जाणारी लांब वाट

इंदूर जिल्ह्यातील गौतमपुरा हे होळकरांच्या इतिहासाशी जोडलेले छोटेसे गाव. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी गौतमपुऱ्याचा ‘तुर्रा’ आणि शेजारच्या रूणजीचा ‘कलंगी’ हे दोन संघ दारू ठासून भरलेली हिंगोटची फळे पेटवून एकमेकांवर फेकतात. परदेशी पाहुण्याने ही लढाई पाहावी आणि मुदतीत परतावे, एवढीच पर्यटक व्हिसाची मूळ कल्पना असते. मात्र याच इंदूर जिल्ह्यात गेली अनेक वर्षे असेही पाहुणे येत आहेत, ज्यांना परतायचे नसते. पाकिस्तानच्या सिंध प्रांतातील हिंदू कुटुंबे नातेवाइकांच्या भेटीचा किंवा तीर्थयात्रेचा अल्पमुदतीचा व्हिसा घेऊन येतात आणि येथेच राहू देण्याची विनंती करतात. फाळणीनंतर इंदुरात स्थिरावलेल्या सिंधी समाजाचा आधार हे त्यामागचे मोठे कारण आहे.

पाहुणा ते कायदेशीर रहिवासी हा प्रवास भारतात कोणालाही सहजसाध्य नाही. पर्यटक व्हिसा सर्वसाधारणपणे दुसऱ्या प्रकारच्या व्हिसात बदलून मिळत नाही. भारतीय नागरिकाशी विवाह हा त्यातील ठळक अपवाद. पाकिस्तानी नागरिकांसाठी नियम आणखी कठोर आहेत. व्हिसावर नमूद केलेल्या ठिकाणांपलीकडे त्यांना जाता येत नाही आणि पोलिसांकडे हजेरी द्यावी लागते. या चौकटीतून बाहेर पडण्याचा मार्ग म्हणजे दीर्घ मुदतीचा व्हिसा. पाकिस्तानातील अल्पसंख्याक समाजांच्या लोकांना, तसेच भारतीयांशी विवाह केलेल्या पाकिस्तानी महिलांना त्यासाठी अर्ज करता येतो.

2016 मध्ये केंद्र सरकारने या व्हिसाधारकांना काही महत्त्वाच्या सवलती दिल्या. बँकेत खाते उघडणे, स्वतःच्या निवासासाठी घर घेणे, वाहन परवाना, पॅन व आधार मिळवणे, छोटा व्यवसाय करणे त्यांना शक्य झाले. नेमून दिलेल्या ठिकाणाऐवजी संपूर्ण राज्यात फिरण्याची मुभा मिळाली. त्याच वर्षाच्या अखेरीस सात राज्यांतील 16 जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना नागरिकत्वाचे अर्ज निकाली काढण्याचे अधिकार देण्यात आले. त्यांत मध्य प्रदेशातील इंदूर व भोपाळ आणि महाराष्ट्रातील मुंबई, पुणे, ठाणे व नागपूर या जिल्ह्यांचा समावेश होता. गौतमपुऱ्यासारख्या गावातील अर्जदाराला पन्नास-साठ किलोमीटरवरचे इंदूर गाठावे लागते, पण निदान दिल्लीच्या निर्णयाची वाट पाहावी लागत नाही, एवढा फरक त्यामुळे पडला.

हा कागद किती निर्णायक असतो, हे एप्रिल 2025 मध्ये दिसले. 22 एप्रिलच्या पहलगाम हल्ल्यानंतर केंद्राने पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा 27 एप्रिलपासून रद्द केले. वैद्यकीय व्हिसांना 29 एप्रिलपर्यंत मुदत मिळाली. हिंदू पाकिस्तानी नागरिकांना आधी दिलेले दीर्घ मुदतीचे व्हिसा मात्र वैध राहतील, असे स्पष्ट करण्यात आले. एकाच वस्तीत, एकाच नात्यातल्या दोन कुटुंबांपैकी एकाने निर्धास्त राहावे आणि दुसऱ्याने सामान आवरावे, अशी वेळ केवळ व्हिसाच्या प्रकारामुळे येऊ शकत होती. राष्ट्रीय सुरक्षेचा प्रश्न उभा राहिल्यावर सरकारने कठोर होणे समजण्यासारखे आहे. परंतु अर्ज दाखल करून निर्णयाची वाट पाहणाऱ्याचे स्थान नेमके काय, हा प्रश्न अशा वेळी तीव्र होतो. विलंब यंत्रणेचा असला तरी धोका अर्जदाराच्याच वाट्याला येतो.

नागरिकत्वाच्या टप्प्यावर तारखांचे महत्त्व आणखी वाढते. डिसेंबर 2019 मध्ये संमत झालेल्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याने पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तानातील हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती व्यक्तींसाठी निवासाची अट 11 वर्षांवरून 5 वर्षांवर आणली. 11 मार्च 2024 रोजी त्याचे नियम अधिसूचित झाले आणि मुदत संपलेला पासपोर्टही पुरावा म्हणून ग्राह्य धरला जाऊ लागला. मात्र ही सवलत 31 डिसेंबर 2014 पर्यंत भारतात आलेल्यांनाच आहे. 2015 च्या जानेवारीत सीमा ओलांडलेल्या कुटुंबाला जुन्या, लांबच्या वाटेनेच जावे लागते. सप्टेंबर 2025 मध्ये केंद्राने 31 डिसेंबर 2024 पर्यंत आलेल्या या समाजांच्या लोकांना वैध कागदपत्रांअभावी होणाऱ्या कारवाईपासून सूट दिली. ही सूट दिलासादायक असली तरी ती नागरिकत्व नव्हे. राहू देणे आणि आपले म्हणणे यांतले अंतर तिने मिटत नाही.

या अंतराची झळ मुलांना सर्वाधिक बसते. 3 डिसेंबर 2004 पासून भारतात जन्मलेल्या मुलाला जन्माने नागरिकत्व मिळण्यासाठी आईवडिलांपैकी किमान एक जण भारतीय असावा लागतो आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा लागतो. त्यामुळे दोन्ही पालक पाकिस्तानी नागरिक असतील, तर इंदुरात जन्मलेले, तेथील शाळेत शिकलेले आणि पाकिस्तान कधीही न पाहिलेले मूलही कायद्याच्या नजरेत परदेशीच ठरते.

हा विषय गोमंतकीयांना दूरचा वाटण्याचे कारण नाही. गोवामुक्तीनंतर 1962 च्या नागरिकत्व आदेशाने येथील रहिवाशांना भारतीय नागरिकत्व मिळाले, पण काहींनी पोर्तुगीज नागरिकत्व राखण्याचा पर्याय निवडला. धर्मगुरू मोन्सेन्योर मोंतेरो हे त्यांपैकी एक. निवास परवान्याची मुदत नोव्हेंबर 1964 मध्ये संपली, नूतनीकरणासाठी त्यांनी अर्ज केला नाही आणि त्यांच्यावर खटला झाला. सर्वोच्च न्यायालयाने 1969 मध्ये त्यांची शिक्षा कायम केली. आपल्याच भूमीत राहणारा माणूसही एका परवान्याच्या तारखेने परदेशी ठरू शकतो, हे गोव्याने तेव्हाच पाहिले होते.

दुसरे उदाहरण अलीकडचे. ऑगस्ट 2024 मध्ये मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी गोमंतकीय वंशाच्या, पाकिस्तानी नागरिकत्व असलेल्या एका ज्येष्ठ ख्रिस्ती गृहस्थांना नव्या कायद्यानुसार भारतीय नागरिकत्वाचे प्रमाणपत्र दिले. या कायद्याखालील गोव्यातील ते पहिलेच प्रकरण होते. कराचीशी एकेकाळी घट्ट नाते असलेल्या गोव्यात त्या प्रमाणपत्राचे मोल आकड्यांत मोजता येणार नाही.

पर्यटनावर जगणाऱ्या राज्याला या विषयाची आणखी एक बाजू आहे. किनारी भागांत दीर्घकाळ मुक्काम करणारे परदेशी अनेकदा व्हिसाची वैधता आणि एका मुक्कामाची मर्यादा यांत गल्लत करतात. पाच वर्षांचा पर्यटक व्हिसा म्हणजे पाच वर्षे राहण्याची परवानगी नव्हे आणि त्यावर व्यवसायही करता येत नाही. 1 सप्टेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या इमिग्रेशन व परदेशी नागरिकविषयक कायद्यानुसार मुदत उलटल्यानंतर राहणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि तीन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. परदेशी पाहुण्याची माहिती कळवण्याची जबाबदारी निवास देणाऱ्यावरही आहे. किनाऱ्यावर खोली भाड्याने देणाऱ्या कुटुंबाने हे गांभीर्याने घ्यायला हवे.

सीमांवर नियंत्रण ठेवणे हा प्रत्येक राष्ट्राचा अधिकार आहे आणि नियम कडक असण्यात गैर नाही. पण कडक नियमांना वेळेचे बंधनही हवे. दीर्घ मुदतीच्या व्हिसाच्या अर्जावर निश्चित कालावधीत निर्णय, तोवर अर्जदाराच्या हाती त्याची कायदेशीर स्थिती सांगणारा स्पष्ट कागद आणि येथेच जन्मलेल्या मुलांसाठी स्वतंत्र, सुटसुटीत प्रक्रिया एवढे तरी करता येईल. नकार द्यायचा असेल तर तोही वेळेवर द्यावा. पाहुण्याला किती दिवस राहायचे हे विचारण्याचा हक्क घरमालकाला आहे, पण उंबऱ्यावर वर्षानुवर्षे उभे ठेवणे हे काही उत्तर नव्हे.