कापडाची उलटी बाजूही दाखवा

आमच्या पिढीतील कापड व्यापाऱ्यांना शेड कार्ड म्हणजे काय हे सांगण्याची गरज नाही. पुठ्ठ्यावर ओळीने चिकटवलेल्या कतरणी, प्रत्येकीखाली नंबर, पन्ना आणि दर. मी धंद्यात पडलो तेव्हा अशी कार्डे पिशवीत घालून एस.टी.ने नाशिकहून संगमनेर, धुळे, जळगाव करीत असे. समोरचा व्यापारी कतरण दोन बोटांत चोळून पाही, दारात जाऊन उजेडात धरी, उलटी करी आणि मगच भावाचे बोले. आज तोच व्यापारी फोनवर सांगतो, "भाई, फोटो पाठवा." फोटोला हात लावता येत नाही, तो दारात नेऊन उजेडात धरता येत नाही आणि उलटा तर मुळीच करता येत नाही. सौदा मात्र त्याच्यावरच होतो.

याचा फटका मला स्वतःला बसला आहे. काही वर्षांपूर्वी गडद हिरव्या दुपट्ट्यांचा माल विदर्भातील एका दुकानदाराला फोटोवरून विकला. घरातल्या मुलाने फोटो जरा "उठावदार" केला होता. माल पोहोचला आणि तिकडून निरोप आला, "आम्ही पोपटी मागवला होता, तुम्ही बाटलीचा हिरवा पाठवला." माल जसा होता तसाच मी पाठवला होता, खोटा होता तो फोटो. सगळा गठ्ठा परत आला, दोन्ही वेळचे भाडे माझ्या अंगावर पडले. त्याहून मोठे नुकसान म्हणजे त्या गिऱ्हाइकाने पुन्हा कधी ऑर्डर दिली नाही.

तेव्हापासून माझे मत बनले आहे, आणि ते व्यापारी व कारागीर बंधूंपुढे मांडण्यासाठी हा लेख लिहीत आहे. आपल्यापैकी प्रत्येकाने स्वतःच्या वेबसाइटवर स्वतःच्या मालाची फोटो गॅलरी उभारावी. ती नुसती पाहण्याची नसावी, गिऱ्हाइकाला हाताळता यावी अशी असावी. त्याने बोट लावले की फोटो मोठा व्हावा, पोत दिसावा, काठ दिसावा आणि कापडाची उलटी बाजूही दिसावी.

नमुने कोणाच्या हातात?

ही गोष्ट नवी नाही. १८६६ साली लंडनमध्ये जॉन फोर्ब्स वॉटसन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने हिंदुस्थानातील कापडाच्या ७०० नमुन्यांचे १८ खंड तयार केले. त्यात चित्रे नव्हती, खरे कापड कापून चिकटवले होते आणि प्रत्येक तुकड्याखाली लांबी, रुंदी, वजन व ठिकाण लिहिले होते. असे २० संच झाले. त्यांतील १३ ब्रिटनमध्ये ठेवायचे ठरले व ७ हिंदुस्थानसाठी. हेतू उघड होता. हिंदुस्थानी माणसाला कोणते कापड आवडते हे तिकडच्या गिरण्यांनी पाहावे आणि तसे बनवून इकडे विकावे. त्यांतील एक संच लँकेशायरमधील प्रेस्टनच्या हॅरिस म्युझियममध्ये आजही आहे.

ज्या विणकरांच्या मागावरून ते कापड उतरले, त्यांना या अठरा खंडांचा काय फायदा झाला? काहीही नाही. नमुना त्यांचा होता, पुस्तक दुसऱ्याचे होते. आज आपण आपले फोटो व्हॉट्सअॅपच्या गटांत टाकतो किंवा मोठ्या विक्री कंपन्यांच्या हवाली करतो, तेव्हा फार वेगळे काही करीत नाही. फोटो दहा हातांतून फिरतो, त्यावरचे आपले नाव गळून पडते, जुना दर नव्या फोटोला चिकटतो. माझ्या ओळखीच्या येवल्याच्या एका विणकराने आपल्याच पैठणीचा फोटो दुसऱ्याच्या जाहिरातीत पाहिला. फोटो हातमागाच्या पैठणीचा होता आणि त्याखाली विकला जात होता यंत्रमागावरचा माल. पैठणीला भौगोलिक मानांकन आहे, परंतु फोटोला कोण मानांकन देणार?

गॅलरी म्हणजे दुकानातला नोकर

माझे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले आणि संगणकाची भाषा इंग्रजी. म्हणून सुरुवातीला हे आपले काम नाही असे वाटले होते. वास्तविक प्रकार सोपा आहे. वेबसाइटमध्ये तीन गोष्टी असतात. एचटीएमएल म्हणजे कपाट, त्यात कोणता माल कुठे आहे ते लिहिलेले असते. सीएसएस म्हणजे मांडणी, एका रांगेत किती थाने लावायची आणि मध्ये किती जागा सोडायची हे ती ठरवते. जावास्क्रिप्ट म्हणजे गादीवरचा नोकर. गिऱ्हाइकाने बोट दाखवले की तो थान उलगडून समोर टाकतो. मजकुरात फोटो दाखवण्याची खूण १९९३ साली आली आणि जावास्क्रिप्ट १९९५ साली. आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले तेही १५ ऑगस्ट १९९५ रोजीच. एवढ्या वर्षांत हे काम इतके सुलभ झाले आहे की मोहल्ल्यातला संगणक शिकणारा एखादा होतकरू मुलगा आठ-दहा दिवसांत साधी गॅलरी उभी करू शकतो. मात्र काय हवे ते त्याला आपण सांगितले पाहिजे, कारण कापड त्याला कळत नाही.

पहिली गोष्ट वजनाची. मोबाइलवर काढलेला एक फोटो तीन ते पाच एमबीचा असतो. असे चाळीस फोटो एका पानावर टाकले तर दीडशे एमबीच्या आसपास भार होतो. खेड्यातल्या गिऱ्हाइकाच्या फोनवर ते पान उघडेपर्यंत तो दुसऱ्या दुकानात गेलेला असतो. म्हणून प्रत्येक फोटोच्या दोन प्रती कराव्यात. लहान प्रत साधारण ४०० पिक्सेल रुंदीची, ती रांगेत दिसेल. मोठी प्रत १६०० पिक्सेलच्या आसपास, ती बोट लावल्यावरच मागवली जाईल. खालच्या रांगांचे फोटो गिऱ्हाईक तिथवर पोहोचल्यावरच यावेत, याचीही सोय असते, तिला लेझी लोडिंग म्हणतात. प्रत्येक फोटोची लांबी-रुंदी आधीच लिहून ठेवावी, म्हणजे पान वर-खाली उड्या मारत नाही.

दुसरी गोष्ट, लहान फोटो हाच मोठ्या फोटोचा दुवा असावा. मग नोकर गैरहजर राहिला, म्हणजे जावास्क्रिप्ट चालली नाही, तरी मोठा फोटो उघडतोच. नोकर आला नाही म्हणून आपण दुकान बंद ठेवतो काय?

तिसरी गोष्ट, माऊसचा बाण फोटोवर नेल्यावरच माहिती दिसेल अशी रचना नको. आपले गिऱ्हाईक मोबाइलवर आहे आणि बोटाला बाण नसतो. दर, पन्ना, लांबी व नंबर फोटोखाली सरळ अक्षरांत लिहावेत, फोटोत रंगवू नयेत. अक्षरे असली तर शोधणाऱ्याला सापडतात आणि दर बदलला तर फोटो बदलावा लागत नाही. प्रत्येक फोटोमागे एक ओळीचे वर्णनही ठेवता येते. अंध माणसाचा फोन ते वाचून दाखवतो. मजकूर उर्दूत ठेवणार असाल तर पानाची दिशाही उजवीकडून डावीकडे करून घ्या. उर्दू वाचणाऱ्यासाठी पुढचा फोटो डावीकडे असतो. ही गोष्ट बनवणाऱ्या मुलाच्या ध्यानात सहसा येत नाही.

आणि फोटो आपोआप सरकत राहतील असे मुळीच करू नका. गिऱ्हाईक काठ पाहत असताना आपण थान ओढून घेत नाही.

पैठणी आणि कोरे कापड

आपल्या नाशिक जिल्ह्यातली दोन उदाहरणे घेऊ. पहिले येवल्याचे. पैठणीच्या धूपछांव रंगात ताणा एका रंगाचा व बाणा दुसऱ्या रंगाचा असतो. साडी हलली की रंग बदलतो. एका फोटोत यातला एकच रंग सापडतो आणि गिऱ्हाईक नंतर म्हणते, रंग निराळा निघाला. उपाय असा की साडी एकाच जागी ठेवून दोन बाजूंनी दोन फोटो काढावेत आणि बोट सरकवले की एकावरून दुसऱ्यावर जाईल अशी सोय करावी. मोर, मुनिया, असावली, नारळी काठ अशा नावांनी आणि रंगाने निवड करता यावी. सर्वांत महत्त्वाचे बटण उलट्या बाजूचे. हातमागाच्या अस्सल पैठणीचे नक्षीकाम पदराच्या उलट बाजूलाही जवळजवळ सुलटीसारखेच दिसते, तर यंत्रावरच्या सेमी पैठणीच्या मागे सुटे धागे लोंबतात. उलटी बाजू दाखवणाऱ्या विणकराला अस्सलपणाची वेगळी जाहिरात करावी लागणार नाही. नक्कल विकणारा ते बटण ठेवणारच नाही. सेमी पैठणी विकणे गैर नाही, तिलाही गिऱ्हाईक आहे. ती सेमी म्हणून विकावी, एवढेच.

दुसरे मालेगावचे. १८५७ नंतर उत्तरेतून आलेल्या विणकरांनी तेथे माग वसवले आणि पुढे ते यंत्रमागाचे शहर झाले. तिथल्या कोऱ्या कापडाला रंग नाही, नक्षी नाही, मग फोटो कशाचा काढायचा, असे कारखानदार बंधू विचारतात. फोटो विणीचा काढा. पिक ग्लास कापडावर ठेवून वरून जवळचा फोटो घ्या. गिऱ्हाइकाने तो मोठा केला की एका इंचात उभे-आडवे किती धागे आहेत ते त्याला स्वतः मोजता येईल. खाली सुताचा नंबर, पन्ना आणि थानाची लांबी लिहा. आज ही माहिती दलालाच्या तोंडी असते. दलालाच्या मेहनतीची दलाली त्याला मिळावीच. परंतु माल कसा आहे हे कारखानदाराला स्वतः दाखवता येत असेल, तर भाव ठरवताना त्याची बाजू इतकी लंगडी राहणार नाही.

रंगाबाबत एक सोपी युक्ती. फोटो सकाळच्या सावलीतल्या उजेडात काढा, ट्यूबलाइटखाली नको. कापडाशेजारी पांढरा कागद ठेवा. कागद फोटोत पिवळा किंवा निळा दिसला तर कापडाचाही रंग खोटा आला आहे असे समजा. एवढे करूनही प्रत्येक फोनचा पडदा वेगळा असतो. म्हणून मोठ्या ऑर्डरसाठी "कतरण पोस्टाने मागवा" ही ओळ गॅलरीत असलीच पाहिजे.

फोटो हा शब्द आहे

कित्येक बंधू म्हणतात, थोडा रंग वाढवला तर काय बिघडले, सगळेच करतात. बिघडते ते असे. १९३० च्या माल विक्री कायद्याच्या कलम १५ प्रमाणे वर्णनावरून विकलेला माल वर्णनाप्रमाणेच असला पाहिजे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे जाहिरातीत दाखवल्यासारखा माल नसेल तर विक्रेत्याला तो परत घेण्यास नकार देता येत नाही. आणि आपल्याला तर कायद्याच्या आधीपासून हे ठाऊक असायला हवे. हनफी फिकहमध्ये न पाहता घेतलेला माल पाहिल्यावर नाकारण्याचा हक्क गिऱ्हाइकाला दिलेला आहे, त्याला खियार-ए-रूयत म्हणतात. धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओला भाग बाहेर काढणाऱ्या प्रेषित मुहम्मद (स.) यांचा प्रसंग आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. फोटोत वरचे कोरडे धान्य दाखवून खालचे ओले झाकणे ही तीच गोष्ट आहे. मालात ऐब असेल, एखादा धागा सुटला असेल, तर त्याचाही फोटो टाका आणि दर कमी लावा. असा माल लवकर खपतो असा माझा अनुभव आहे, आणि परत येत नाही.

हक्कांचेही दोन शब्द. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे आपण पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचे पहिले मालक, वेगळा करार नसेल तर, आपणच असतो. म्हणून छायाचित्रकाराची पावती जपून ठेवा. फोटो कोणी उचलू नये म्हणून बटणे बंद करण्याचा खटाटोप व्यर्थ आहे, उचलणारा उचलतोच. कोपऱ्यात लहान अक्षरांत दुकानाचे नाव टाका, काठ झाकू नका. साडी नेसलेल्या बाईचा फोटो असेल तर तिची लेखी परवानगी घ्या. घरच्या लेकी-सुनांना नको असेल तर पुतळ्यावर किंवा दांडीवर टाकूनही साडी नीट दिसते. वेबसाइटचे नाव बनवणाऱ्या मुलाच्या नव्हे, स्वतःच्या नावावर घ्या आणि पासवर्ड दुकानाच्या वहीत ठेवा. जागा भाड्याची चालेल, पाटी आपलीच हवी.

कोणी म्हणेल, एवढा वेळ कोणाला आहे? शंभर नगांपासून सुरुवात करू नका. बारा निवडा. प्रत्येकाचे चार फोटो: पूर्ण कापड, काठ-पदर, जवळून वीण, उलटी बाजू. बारा नग दोन सकाळींत होतात. विकला गेलेला नग त्याच दिवशी काढून टाका. शिळी गॅलरी धूळ बसलेल्या शोकेससारखी असते, गिऱ्हाईक पायरीवरूनच परत जाते.

जुन्या शेड कार्डाची कतरण झिजली की आम्ही नवी लावत असू, आणि ती त्याच थानातून कापलेली असे. दुसऱ्या थानाची कतरण लावणाऱ्याला बाजार ओळखत असे आणि त्याला उधारही कोणी देत नसे. पडद्यावरच्या कतरणीलाही नियम तोच लावावा, एवढेच माझे सांगणे आहे.