लाडकी बहीण की मालकीण बहीण?

'बहीण' या शब्दाची आजची किंमत किती? टपरीवर कटिंग पिताना विचारून बघा, लगेच उत्तर येईल: महिना १५०० रुपये! जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने 'माझी लाडकी बहीण' योजना आणली आणि अडीच लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या बायकांच्या खात्यात थेट पैसे यायला लागले. आपल्यातले बरेच जण यावर नाक मुरडतात. मुरडू नका. आपण एका वीकेण्डला मल्टिप्लेक्समध्ये तेवढे उडवतो. पण जिच्या हातात स्वतःचा म्हणून रुपया येत नव्हता, तिच्यासाठी ती रक्कम छोटी नाही.

प्रॉब्लेम वेगळाच आहे. मुंबईत या शब्दाला आणखी एक अर्थ आहे, जुना आणि जास्त दमदार. तो शोधायचा तर गिरगावात जायला हवं.

१५ मार्च १९५९. लोहाणा निवासच्या गच्चीवर सात जणी पापड लाटायला बसल्या. भांडवल ८० रुपये, तेही उसने. पहिल्या दिवसाचा माल? चार पाकिटं! तोच आपला लिज्जत. आज त्यात चाळीस हजारांहून जास्त बायका आहेत. त्यांना तिथे 'बहीण' म्हणतात आणि प्रत्येक बहीण मालकीण असते. नफा झाला तर वाटून, तोटा झाला तरी वाटून. पुरुष तिथे हिशेब ठेवतील, गाडी चालवतील, पण सभासद होऊ शकत नाहीत. कारभार २१ जणींची समिती बघते आणि त्या २१ जणी सभासद बहिणींमधूनच येतात.

गिरणगावातही हेच घडलं. गिरणी कामगारांना दोन वेळ जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या सावकाराच्या व्याजात पिचल्या होत्या. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि बँकेचं कर्ज त्यांच्या दारापर्यंत आणलं. यातल्या कितीतरी जणींना धड सहीसुद्धा येत नव्हती. धंदा मात्र चोख यायचा.

आता २१ हाच आकडा दुसरीकडे बघू या. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत आपल्या विधानसभेवर किती महिला निवडून आल्या? २८८ पैकी २१. म्हणजे शंभरात जेमतेम सात. डिसेंबरमध्ये मंत्रिमंडळ बनलं, तेव्हा ४२ जणांत महिला चार. राज्य स्थापन झालं १ मे १९६० ला. तेव्हापासून त्या डिसेंबरपर्यंत मुख्यमंत्र्यांच्या खुर्चीत एकही बाई बसली नव्हती. महिला धोरण मात्र आपण १९९४ मध्येच केलं होतं. कागदावर आपण नेहमीच फास्ट!

'बायकांना राजकारणात इंटरेस्ट नसतो' हे पेटंट उत्तर देऊ नका. स्थानिक संस्थांमध्ये आरक्षण आलं, २०११ मध्ये ते निम्म्यावर गेलं आणि बायका रांगेने पुढे आल्या. आपल्याच पट्ट्यातली नावं घ्या ना. विशाखा राऊत १९९७ मध्ये महापौर झाल्या, १९९९ मध्ये दादरच्या आमदार. लालबाग-परळच्या श्रद्धा जाधव २००९ मध्ये महापौर झाल्या. लोअर परळच्या किशोरी पेडणेकर आधी नर्स होत्या, २०१९ मध्ये महापौर.

पण महापौरपदाला मान मोठा, कार्यकारी अधिकार मात्र आयुक्तांकडे. आणि महापालिकेतून विधानसभेकडे निघालं की वाटेत एक गेट लागतं, त्याचं नाव तिकीट. श्रद्धा जाधव २०२४ मध्ये वडाळ्यातून विधानसभेला उभ्या राहिल्या आणि हरल्या. हार-जीत चालायचीच. पण निदान त्यांना तिकीट तरी मिळालं. त्या निवडणुकीत चार हजारांहून जास्त उमेदवार होते आणि त्यात महिला चारशेसुद्धा नव्हत्या. विधानसभेत एकतृतीयांश जागा राखून ठेवणारा कायदा २०२३ मध्ये झाला खरा, पण त्यालाही आधी जनगणना, मग मतदारसंघांची पुनर्रचना अशी अट जोडली गेली.

मग बिघडलं कुठे, असं विचाराल. १५०० चे २१०० करू, असं आश्वासन त्या निवडणुकीत दिलं गेलं होतं. कधी करायचे, कुणाला द्यायचे, कुणाचं नाव गाळायचं, हे ज्या टेबलावर ठरतं तिथे बहिणी किती? लिज्जतमध्ये लाटणारीच ठरवते. मंत्रालयात बहीण लाभार्थी असते, ठरवणारे बहुतेक भाऊच.

ऑफिसात बघा, हाच सीन दिसेल. डेस्कवर मुली निम्म्या, पण इन्क्रिमेंट ठरवणाऱ्या केबिनमध्ये?

तेव्हा पुढच्या वेळी भाऊ, दादा, साहेब हात जोडून दारात आले की एकच विचारा: 'तुमच्या पक्षाने किती बहिणींना तिकीट दिलं?' ओवाळणी किती देणार, ते नंतर बोलू.