एन्नोरची खाडी कोणत्या खात्याची?

डिसेंबर २०२३ च्या प्रारंभी ‘मिचाँग’ वादळाच्या पुराबरोबर मणलीच्या सार्वजनिक क्षेत्रातील तेलशुद्धीकरण कारखान्याकडून चेन्नईच्या उत्तरेस एन्नोरच्या खाडीत तेल शिरले. मच्छीमारांच्या होड्या व जाळी काळ्या थराने माखली. हातांनी कोळंबी वेचणाऱ्या इरुलर स्त्रियांची रोजी बुडाली. त्याच दिवसांत दिल्लीत संसदेच्या सुरक्षेविषयी गृहमंत्र्यांचे निवेदन मागण्याच्या ‘अपराधा’बद्दल १४६ विरोधी खासदारांना निलंबित करण्यात आले. १४ डिसेंबरच्या यादीत कोईमतूरचे नटराजन, तिरुप्पूरचे सुब्बरायन, मदुराईचे वेंकटेशन होते. यादीतील एक सदस्य तर त्या दिवशी सभागृहात हजरच नव्हते. त्यांचे नाव मागाहून वगळावे लागले! २१ तारखेस अधिवेशन आटोपले. २६ च्या रात्री एन्नोरलाच कोरोमंडल इंटरनॅशनलच्या समुद्राखालील नळातून अमोनियाची गळती झाली.

सरकारची ही दडपशाही निषेधार्ह आहेच. परंतु विरोधी बाकांनीही स्वतःकडे पाहावे. तेल पेट्रोलियम खात्याचे, अमोनिया खत खात्याचा, बंदर नौवहन खात्याचे, खाडी पर्यावरण खात्याची. प्रत्येक मंत्र्याला शेजाऱ्याकडे बोट दाखविण्याची सोय आहे. तारांकित प्रश्नास किमान १५ दिवसांची सूचना लागते आणि दिवसाला २० च प्रश्न यादीत येतात. अशा स्थितीत ऐनवेळी उठून केलेल्या जोरकस भाषणाचा उपयोग मर्यादित असतो. एकेक खाते नेमून दिलेला, त्याच्या फायली वर्षभर वाचणारा आणि शेजारच्या खात्याच्या प्रवक्त्याशी ताळमेळ ठेवणारा सदस्य हवा.

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने ‘शॅडो कॅबिनेट’ जाहीर केले, तेव्हा विधानसभेत तिचा एकच आमदार होता. त्यावर विनोद झाले. पण कल्पना हसण्याजोगी नव्हती. सभागृहाबाहेर राहूनही खात्यावर नजर ठेवता येते. संख्याबळाची सबब आपल्याला तर मुळीच शोभत नाही. १९५२ च्या लोकसभेत गोपालन यांच्यामागे पक्षाचे अवघे १६ सदस्य होते. २०२४ मध्ये भाकप व माकप मिळून सहा निवडून आले. सहा जणांना सगळी खाती पेलणार नाहीत, म्हणूनच अन्य विरोधी पक्षांशी वाटणी ठरली पाहिजे.

यात एक अडचण आहे, ती झाकण्यात अर्थ नाही. एन्नोरच्या खाडीत वर्षानुवर्षे साचलेली राख राज्याच्याच औष्णिक वीजकेंद्राची आहे, आणि २०२३ मध्ये राज्यात मित्रपक्षाचे सरकार होते. दिल्लीत मंत्र्याला धारेवर धरणाऱ्या प्रवक्त्याने चेन्नईत गप्प बसावे काय? आमचे मत स्पष्ट आहे: बसू नये. काट्टुकुप्पमच्या मच्छीमाराला राख केंद्राची की राज्याची, याने काही फरक पडत नाही. पुढील अधिवेशनापूर्वी पर्यावरण, पेट्रोलियम व मत्स्यव्यवसाय ही खाती सांभाळणाऱ्या सदस्यांनी एकत्र एन्नोरला जावे आणि प्रश्नांचा मसुदा तेथील मच्छीमार संघटनांसमवेत बसून तयार करावा.