पटावरची जागा

गृहस्थाश्रमात अपत्याचा प्रवेश झाला म्हणजे घरातील बहुतेक व्यवहारांची फेरमांडणी होते, आणि तीत सर्वांत आधी, कोणाच्या विशेष लक्षातही न येता, जो व्यवहार खारीज होतो तो स्नेह्यांसमवेत दर आठवड्याला मांडलेल्या खेळाच्या पटाचा. वर्तमानपत्राचे वाचन टिकते, सकाळचा फेरफटका टिकतो, लग्नामुंजींची हजेरी तर टिकतेच टिकते. परंतु चार प्रौढ माणसांनी मोबाइल बाजूला ठेवून टेबलाभोवती बसावे, एका कल्पित बेटावर रस्ते बांधावेत आणि परस्परांना लोकर देऊन विटा घ्याव्यात, ही गोष्ट फावल्या वेळची चैन समजली जात असल्यामुळे तिच्या बाजूने कोणी दरखास्तही करीत नाही. लहान मुलांच्या आईबापांनी हा पट गुंडाळू नये असे माझे आग्रहाचे मत आहे. मैत्रीला विषय न शोधता एकत्र बसण्याची जी थोडी साधने आपल्या शहरी आयुष्यात शिल्लक आहेत, त्यांत हे एक आहे. आणि त्या साधनाची सर्वाधिक गरज नेमकी त्याच वर्षांत असते ज्या वर्षांत ते हातचे सुटते.

हे खेळ मुलाबाळांच्या गलबल्यापासून दूर, कुठल्याशा निवांत क्लबात जन्मले अशी कोणाची समजूत असेल तर ती निराधार आहे. 1995 साली प्रसिद्ध झालेल्या ‘कटान’चे जनक क्लाउस टॉयबर हे जर्मनीत दंततंत्रज्ञाचा व्यवसाय करीत, दिवसाचे काम आटोपल्यावर तळघरात पट रेखाटीत, आणि त्याची पहिली परीक्षा घरच्याच मंडळींवर घेत. 1974 च्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या दोघा जनकांपैकी गॅरी गायगॅक्स यांनी तर आपल्या कल्पनेतल्या भुयारात प्रथम उतरवले ते स्वतःच्या मुलाला आणि मुलीला. अर्थात ती मुले शाळकरी वयाची होती. दीड वर्षाच्या बालकाचा प्रश्न निराळा आहे.

त्या प्रश्नाचे मूळ वेळेत आहे. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दुपारची झोप धरून 11 ते 14 तास, आणि तीन ते पाच वर्षांच्या मुलाला 10 ते 13 तास निद्रा आवश्यक असल्याचे निद्रावैद्यकातील तज्ज्ञ सांगतात. म्हणजे सकाळी सातला शाळेसाठी उठणारे मूल रात्री साडेआठ-नऊच्या सुमारास अंथरुणावर पडलेच पाहिजे, आणि ते पडल्यावर मांडलेला डाव मध्यरात्रीपर्यंत लांबला तर त्याची वसुली दुसऱ्या दिवशी आईबापांच्या चिडचिडेपणातून त्या मुलाकडूनच होते. यास्तव आमच्या मंडळीने रात्रीची बैठक तहकूब करून रविवारची दुपार मुक्रर केली. दुपारच्या झोपेचा अवधी आखूड असतो हे खरे. पण त्या अवधीत मावणारे खेळ निवडता येतात, आणि माझ्या दृष्टीने आता खेळाचा पहिला गुण हा की, तो मध्येच सोडून उठण्याची मुभा त्याने द्यावी. ‘टिकट टू राइड’मध्ये आपल्या पाळीला एकच काम करावयाचे असते, पत्ते उचलणे, रेल्वेचा मार्ग व्यापणे किंवा नवी तिकिटे घेणे, त्यामुळे कोणी उठून गेले तरी परतल्यावर पटावर दृष्टी टाकताच परिस्थिती उमगते. ‘पॅन्डेमिक’मध्ये सर्व खेळाडू एकाच पक्षाचे असून रोगाच्या साथींविरुद्ध झुंजतात, म्हणून अनुपस्थित सहकाऱ्याची चाल बाकीचे एकविचाराने चालवू शकतात. याउलट ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये जो सूत्रधार असतो, अरण्य, दरवाजे, राक्षस, सराईतील मालक या सर्वांना ज्याने एकट्याने वाचा द्यावयाची असते, तो उठला की जगच थांबते. तान्ह्या मुलाच्या पालकावर ही कामगिरी सोपवू नये. त्याने एखाद्या योद्ध्याची भूमिका घ्यावी. तो योद्धा दोन अंक सराईत निजून राहिला तरी कथेचा तोल ढळत नाही.

वस्तूंविषयीही थोडे लिहिणे भाग आहे. अमेरिकेतील खेळणी-सुरक्षेच्या नियमांत 31.7 मिलिमीटर व्यासाचे एक लहानसे नळकांडे प्रमाण मानलेले आहे. त्यात जी वस्तू पूर्णतः मावते ती तीन वर्षांखालील मुलाच्या खेळण्यात असता कामा नये, कारण ती त्याच्या घशात अडकू शकते. ‘कटान’मधील प्रत्येक रंगाची 5 घरे, 4 नगरे, 15 रस्ते, दोन्ही फासे हे सगळेच त्यात सहज मावतात. म्हणून आमच्याकडे पट मांडताना प्रत्येक रंगाच्या सोंगट्या वेगळ्या वाटीत घालून त्या वाट्या उंच कडेच्या एका परातीत ठेवतात. पाळण्यात हालचाल झाली की ती परात तशीच्या तशी कपाटावर जाते, आणि डाव संपल्यावर प्रत्येक वाटी मोजल्यावाचून खोक्याचे झाकण लागत नाही. सोफ्याखाली राहिलेले एक लाल घर रांगत्या मुलाला आपल्याआधी सापडते.

मूल चार वर्षांचे झाले म्हणजे मात्र त्याला पटापासून दूर ठेवण्याचे कारण उरत नाही. आपल्या वाड्यांतून उन्हाळ्याच्या सुटीत मेंढीकोटाचे आणि बदाम सातचे डाव रंगत, तेव्हा धाकट्यांना लिंबूटिंबू म्हणून आत घेण्याचा रिवाज होता. त्यांची हार मोजली जात नसे, पण त्यांची पाळी कोणी चुकवीत नसे. कोजागिरीच्या रात्री जागरण करून सोंगट्या-फाशांनी खेळावे असा जुना प्रघात आहे, आणि घरातील ज्येष्ठ अपत्याला ओवाळण्याची चालही त्याच रात्रीची. फासे आणि अपत्य यांना एकाच चांदण्यात स्थान देणारी ही परंपरा मला फार शहाणी वाटते. माझ्या मुलीकडे आम्ही ‘कटान’मध्ये फासे टाकण्याची आणि सात पडल्यास लुटारूची सोंगटी हलवण्याची कामगिरी दिली आहे. परवा सात पडले तेव्हा तिने विचारले, “काका, कुठे ठेवू ह्याला?” “तुझ्या आईच्या गव्हावर ठेव,” असे उत्तर आले. तिने तो लुटारू मुठीत धरून सारा पट न्याहाळला आणि वाळवंटावर नेऊन ठेवला, कारण तिथे कोणाचेच शेत नाही असे तिचे म्हणणे पडले. नियमानुसार जागेची निवड फासे ज्याच्या पाळीत पडले त्याची. तथापि त्याने हट्ट धरला नाही.

परंतु ह्या सर्व तजविजींहून मोठी गोष्ट एकच आहे. रडणे ऐकू आले असता उठतो कोण? ज्या ज्या घरी असे डाव मी पाहिले, तेथे पुष्कळदा एकच व्यक्ती उठे आणि ती बाळाची आई असे; तिची चाल बाकीचे सोयीने खेळून टाकीत, पुढे तिचे पत्तेच वाटले जाईनासे होत, आणि अखेर ती चहाचा ट्रे घेऊन येणारी यजमानीण तेवढी उरे. कोणी तिला घालवलेले नसते, म्हणून कोणाला दोषही देता येत नाही, आणि ह्याचेच मला अधिक दुःख होते. यजमानांची तीन तासांची विश्रांती जर दुसऱ्या खोलीतील कोणाच्या तीन तासांच्या श्रमांवर उभी असेल, तर ती विश्रांती मला मान्य नाही. म्हणून आमच्याकडे उठण्याची पाळीही पटावरच्या पाळीसारखीच क्रमाने फिरते, आणि ती बाळाच्या आईबापांपुरती मर्यादित नाही. ज्यांना मूलबाळ नाही असे आमचे स्नेहीही लंगोट बदलायला शिकले आहेत. बाळाला पाजण्याची गरज एकट्या आईलाच भागवता येत असेल, तर डाव तेवढा वेळ थांबतो, किंवा खाचेच्या लाकडी पट्टीत तिचे पत्ते उभे करून दिले जातात म्हणजे तिला एका हाताने खेळता येते. आमच्यातील एकीला दोन महिन्यांपूर्वी मुलगा झाला. तिने होऊन निरोप पाठवला की, आता वर्षभर माझी जागा दुसऱ्या कोणाला द्या. ती जागा आम्ही कोणालाही दिलेली नाही. येत्या रविवारची बैठक तिच्याच घरी ठरली आहे, थालीपिठाचे पीठ आणि लोणी आम्ही नेणार आहोत, भांडी घासण्याचे काम दोघा पुरुषांनी स्वतःकडे घेतले आहे, आणि पहिली चाल तिची आहे.