आधी दर, मग नकाशा : स्वतःचे घर बांधणाऱ्यांचा उलटा प्रवास

सदनिका खरेदी करणाऱ्या ग्राहकाला २०१७ पासून 'महारेरा'चा आधार मिळाला. प्रकल्पाची नोंदणी, ताब्याची लेखी तारीख, ग्राहकांकडून घेतलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवण्याचे बंधन, ताब्यानंतर पाच वर्षांपर्यंत बांधकामातील दोष विनामूल्य दुरुस्त करून देण्याची जबाबदारी, अशा अनेक तरतुदींमुळे बिल्डरांच्या मनमानीला काही प्रमाणात तरी चाप बसला. मात्र शहराच्या कडेला किंवा तालुक्याच्या गावी स्वतःच्या भूखंडावर स्वतःसाठी घर बांधणारा माणूस या साऱ्याच्या बाहेरच राहिला. रेरा कायदा विक्रीसाठी उभारल्या जाणाऱ्या प्रकल्पांसाठी आहे. त्यातही ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पांना नोंदणीतून सूट आहे. जेथे विक्रीच नाही, तेथे या कायद्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

याचा अर्थ सरळ आहे. अशा घरमालकाचे मुख्य संरक्षण म्हणजे त्याने ठेकेदाराशी केलेला करार. आणि नेमक्या याच कागदाबाबत सर्वाधिक बेफिकिरी आढळते. निवृत्तीची रक्कम, गावाकडची विकलेली जमीन, सोने आणि गृहकर्ज यांतून उभा राहणारा वीस-तीस लाखांचा व्यवहार दोनशे पानी वहीच्या एका पानावर, आणि ते पानही ठेकेदाराच्याच हस्ताक्षरात, असे चित्र राज्यात कोठेही पाहावयास मिळते.

दोष केवळ निष्काळजीपणाचा नाही, क्रमाचा आहे. भूखंड घेतला की पहिला प्रश्न विचारला जातो तो 'काय फूट घेता?' हा. ओळखीच्या तीन ठेकेदारांकडून चौरस फुटाचा दर घेतला जातो, सर्वात कमी दराच्या माणसाला होकार दिला जातो, भूमिपूजन उरकते आणि मग नकाशाची धावपळ सुरू होते. स्तंभ किती जाडीचा, पाया किती खोल, सळई कोणती, हे ठरण्यापूर्वीच किंमत ठरलेली असते. न मोजलेल्या वस्तूची किंमत ठरवण्याचा हा प्रकार अन्य कोणत्याही व्यवहारात कोणी खपवून घेणार नाही.

चौरस फुटाचा दर किती फसवा असू शकतो, हे साध्या हिशेबाने लक्षात येते. समजा, १,२०० चौरस फुटांच्या घरासाठी एकाने १,८०० रुपये दर सांगितला आणि दुसऱ्याने २,०००. कागदावर २ लाख ४० हजारांची बचत दिसते. पण पहिल्याच्या दरात जोत्यातील भराव आहे का? पाण्याची भूमिगत टाकी, शौचालयाची सेप्टिक टाकी, गच्चीचे जलरोधक काम, गच्चीचा कठडा, कुंपणभिंत, जिना हे धरले आहे का? बाल्कनीचे क्षेत्र पूर्ण मोजणार की निम्मे? भिंतीच्या आतून मोजणार की बाहेरून? यांपैकी तीन-चार बाबी 'जादा काम' म्हणून नंतर लागल्या की बचत तर संपतेच, वर मनस्तापही पदरी पडतो. बहुतेक वादांचे मूळ ठेकेदाराच्या लबाडीत नसते, या न विचारलेल्या प्रश्नांत असते, हे ठेकेदारांची बाजू ऐकल्यावर मान्य करावे लागते.

यातला सर्वात महागडा न विचारलेला प्रश्न जमिनीखाली असतो. विदर्भ, मराठवाडा, सोलापूर आणि पुणे जिल्ह्याचा पूर्व भाग येथे मोठ्या प्रमाणावर काळी माती आहे. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तिच्यावर टेकलेला पाया दरवर्षी वर-खाली होत राहतो. चार वर्षांनी खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेल्या तिरप्या भेगा लांबी भरून बुजत नाहीत, त्या याचमुळे. येथे पाया मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत न्यावा लागतो. तो फारच खोल असेल तर तळाशी फुगवटा असलेल्या छोट्या पाइल्सचा पर्याय असतो. ठेकेदाराचा दर मात्र सहसा चार-पाच फूट खोदाई गृहीत धरून दिलेला असतो. खोदाई आठ फुटांवर गेली की दोनच मार्ग उरतात : मालकाने जादा पैसे द्यायचे किंवा पाया पाच फुटांवरच थांबवायचा. दुसरा मार्ग किती वेळा निवडला जातो, हे पाया बुजल्यावर कोणालाच दिसत नाही. दर मागण्यापूर्वी भूखंडावर एक-दोन खड्डे घेऊन, शक्य तर मातीची चाचणी करून घेतली, तर हा प्रश्न कराराआधीच सुटतो. त्याचा खर्च घराच्या एकूण खर्चाच्या तुलनेत नगण्य आहे.

मुहूर्ताचाही येथे विचार करायला हवा. अक्षय्य तृतीयेला भूमिपूजन करण्याची प्रथा आपल्याकडे मोठी आहे. पूजेला कोणाची हरकत असणार? पण पूजेपाठोपाठ मे महिन्यात खोदाई सुरू झाली आणि जूनचा पाऊस उघड्या खड्ड्यांत उतरला की कडा ढासळतात, तळ मऊ पडतो आणि घाईघाईने चिखलावरच काँक्रीट ओतले जाते. पूजा वैशाखात करून खोदाई दसऱ्यानंतर करण्यास शास्त्राची आडकाठी असल्याचे ऐकिवात नाही.

रचना अभियंत्याचा, म्हणजेच स्ट्रक्चरल इंजिनीअरचा विषय यापुढचा. 'आमचा मिस्त्री वीस वर्षे घरे बांधतो आहे' हे वाक्य तालुक्याच्या गावी अभियंत्याला पर्याय म्हणून ऐकवले जाते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली, ती बव्हंशी जाड दगड-मातीच्या भिंती आणि मातीची जड धाबी अंगावर कोसळून. ती घरेही अनुभवी हातांनीच बांधलेली होती. लातूरचा परिसर तेव्हा भूकंपदृष्ट्या सर्वात कमी धोक्याच्या पट्ट्यात गणला जात असे. भारतीय मानक संस्थेने २००२ मध्ये तो सर्वात खालचा पट्टाच नकाशातून काढून टाकला आणि लातूर तिसऱ्या पट्ट्यात गेले. आज दगड-मातीची जागा काँक्रीटच्या सांगाड्याने घेतली असली तरी सांगाड्याची ताकद नकाशात नसते, तपशिलात असते. स्तंभातील रिंगांचे हूक नुसते काटकोनात न वळवता १३५ अंशांत आतल्या काँक्रीटकडे वळवायला हवेत, हा असाच एक तपशील. भूकंपात स्तंभ फुटू लागला की काटकोनातली रिंग उघडते, १३५ अंशांची धरून ठेवते. त्याला सळई जवळपास वेगळी लागतच नाही, वाकवणाऱ्याचे थोडे श्रम तेवढे जादा लागतात. तो लेखी आराखड्यात नसेल तर मिस्त्री करीत नाही.

वास्तुविशारदाची नोंदणी वास्तुविशारद कायदा, १९७२ अन्वये स्थापन झालेल्या परिषदेकडे तपासता येते. रचना अभियंत्यांसाठी मात्र देशपातळीवर असा कायदा नाही. त्यांचे परवाने स्थानिक नियोजन प्राधिकरणे देतात, तेव्हा पालिकेच्या यादीतील नाव पाहूनच निवड करणे शहाणपणाचे. राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली डिसेंबर २०२० मध्ये लागू झाल्यापासून १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडांवरील छोट्या घरांची परवानगी प्रक्रिया बरीच सुटसुटीत झाली आहे. ती सुटसुटीत झाली म्हणजे सरकारी तपासणीही पातळ झाली, हे घरमालकाने ध्यानात ठेवलेले बरे. सातबारा किंवा मिळकत पत्रिका, बिगरशेती आदेश आणि हद्दीची मोजणी हे सोपस्कार अर्थातच याही आधीचे.

नकाशे आणि रचनेचे आराखडे हाती आले की मग ठेकेदारांना बोलवावे, आणि चौरस फुटाऐवजी कामाच्या बाबींनुसार दर मागावेत : खोदाई, काँक्रीट, सळई, वीटकाम, गिलावा, फरशी. सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची यासाठी ताडून पाहण्यास उपयोगी पडते. बाजारभाव त्याहून वेगळे असले तरी कोणत्या बाबीत दर अवाच्या सवा लावला आहे, ते कळते. छोटे ठेकेदार असा तपशील देण्यास कुरकुरतात. तरीही जो तो बसून तयार करतो, त्याला स्वतःच्या खर्चाचा अंदाज आहे, एवढे तरी सिद्ध होते. सर्वात कमी दराचा माणूस अनेकदा लबाड नसतो, हिशेबात कच्चा असतो; आणि तोट्यात गेलेल्या ठेकेदाराइतका घराला घातक दुसरा कोणी नाही.

त्याचे काम पाहायचे तर नवे घर पाहून उपयोग नाही. रंगाचा वास असलेले प्रत्येक घर चांगलेच दिसते. चार-पाच पावसाळे पाहिलेले त्याचे घर पाहावे, तेही शक्य तर ऑगस्टमध्ये, आणि गच्चीखालच्या खोलीचे छत व न्हाणीघराच्या पाठची भिंत बघावी. सुरू असलेल्या कामावर अचानक गेल्यास आणखी कळते. सिमेंटची पोती थेट जमिनीवर रचली आहेत की फळ्यांवर? सळई आणि फळी यांच्यामध्ये कव्हर ब्लॉक आहेत की दगडाचे तुकडे? कालचा स्लॅब ओला आहे का? गावातल्या हार्डवेअर दुकानात त्याची उधारी किती थकली आहे, हेही सहज समजते, आणि ही माहिती कोणत्याही प्रशस्तिपत्रापेक्षा मोलाची असते.

करार 'लेबर रेट'चा असावा की 'विथ मटेरियल'चा, यावर घरोघरी चर्चा झडते. केवळ मजुरीच्या करारात मालाची प्रत मालकाच्या हाती राहते, पण नासधूस आणि खरेदीची दगदगही त्याचीच. मालासकट करारात दगदग वाचते, परंतु सिमेंट-सळईत काटकसर करण्याचा मोह ठेकेदाराला होतो. स्वतंत्र घरासाठी निव्वळ मजुरीच्या करारावर वस्तू व सेवा कर लागत नाही. मालासकट करारावर लागू शकतो, म्हणून सांगितलेला दर करासह आहे का, हे लिहून घ्यावे. सिमेंटवरील हा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. आधी ठरलेल्या करारांत त्या कपातीचा लाभ कोणाला, हे बहुतेकांनी लिहूनच ठेवले नव्हते. सिमेंट आणि सळई मालकाने आणायची, बाकी माल ठेकेदाराचा, हा मधला मार्ग अनेकांना मानवतो. सळईचे गणित अवघड नाही : १२ मिलिमीटरच्या सळईचे वजन मीटरला सुमारे ८८८ ग्रॅम, म्हणजे १२ मीटरच्या एका नगाचे साडेदहा किलोंहून थोडे अधिक. नग मोजून वजनकाट्याच्या पावतीशी ताडता येतात.

पैसे देण्याचे टप्पे हा कराराचा गाभा. पाया, जोते, स्लॅब ही कामे मोठी, ठळक आणि ठेकेदाराला किफायतशीर असतात. त्यानंतरचे गिलावा, नळजोडणी, वीज, फरशी, रंग हे काम किचकट, अनेक कारागिरांवर अवलंबून आणि कमी नफ्याचे. स्लॅबपर्यंत ऐंशी टक्के रक्कम देऊन बसलेल्या मालकाचे काम स्लॅबनंतर का रखडते, याचे उत्तर येथे आहे. ठेकेदाराला पुढच्या कामात रसच उरलेला नसतो. म्हणून दिलेली रक्कम झालेल्या कामाच्या नेहमी थोडी मागेच राहील, असे टप्पे पाडावेत, आणि पाच ते दहा टक्के रक्कम घर ताब्यात आल्यावरही एक संपूर्ण पावसाळा रोखून ठेवण्याचे कलम असावे. सरकारी कामांत अशी अनामत सर्रास असते. घराच्या करारात तिचा उल्लेख केला की ठेकेदाराला मात्र तो अविश्वास वाटतो. काम सुरू असताना 'एवढे कपाट काढून द्या' म्हणून तोंडी सांगितलेला प्रत्येक बदलही त्याच दिवशी, दरासह, लिहिला जायला हवा.

प्रत्यक्ष कामावर मालकाच्या बाजूने पाहणारा माणूस लागतो. रोज येऊन खुर्ची टाकून बसणारे वडीलधारे नव्हे. ठरावीक वेळी येणारा, ठेकेदाराशी हितसंबंध नसलेला अभियंता. त्याच्या चार-पाच भेटी पुरतात : पायाचा तळ दिसत असताना, स्तंभ उभे राहताना, स्लॅबची सळई बांधून झाल्यावर आणि काँक्रीट ओतण्यापूर्वी, नळ व वीजवाहिन्या झाकण्याआधी. काँक्रीटला किमान सात दिवस, कडक उन्हाळ्यात दहा दिवस पाणी मारणे, साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालील टेकू सात दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे चौदा दिवस न काढणे, हे भारतीय मानकातील किमान निकष आहेत. सेंट्रिंगचे भाडे वाचवण्यासाठी टेकू आधी निघतात, आणि स्लॅबला आलेला झोल मग कायमचा राहतो.

एवढे करूनही वाद झालाच, तर घरमालक अगदीच निराधार नाही. गृहबांधणी ही ग्राहक कायद्याखालील 'सेवा' आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात १९९३ मध्ये स्पष्ट केले. दिल्लीतील एका जमीनमालकाने आपल्या जागेवर बिल्डरकडून बांधकाम करून घेतले होते. त्याच्या प्रकरणात २००८ मध्ये न्यायालयाने असा जमीनमालकही ग्राहकच ठरतो, असा निर्वाळा दिला. सेवेचा मोबदला ५० लाखांपर्यंत असल्यास तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. आयोगापुढे उभे राहताना सही केलेला करार, बँकेमार्फत दिलेल्या रकमा, अभियंत्याच्या भेटींच्या नोंदी आणि काँक्रीट ओतण्यापूर्वी तारखेसह काढलेली सळईची छायाचित्रे हाती असावी लागतात. रोख दिलेल्या रकमेची आणि तोंडी ठरलेल्या कामाची साक्ष द्यायला तेथे कोणी येत नाही.