घाटावरच्यांनी होडी घ्यावी काय?

गेल्या श्रावणात माझा पुतण्या मुंबईहून राहुरीस आला तो एका होडीचे छायाचित्र घेऊन. हल्लीच्या रिवाजाप्रमाणे ते मोबाईलवर होते. होडी 28 फुटी, शिडाची, काचतंतूची. वय चाळिशीच्या घरात. आत चौघांना निजावयास जागा आणि एक इवलीशी शेगडी. किंमत म्हणाल तर एखाद्या वापरलेल्या मोटारीएवढी. ही होडी घ्यावी, आणि बायको व दोन मुले यांना बरोबर घेऊन सुट्टी सापडेल तेव्हा मांडव्यापासून मालवणापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडावे, असा त्याचा बेत होता.

ओट्यावर ही वार्ता फुटताच दोन तट पडले. एका तटाचे म्हणणे असे की, मुळेच्या पाटावर वाढलेल्या माणसाने समुद्रात जाणे ही नसती उठाठेव होय. तो कोकणातल्या माणसांचा प्रांत. दुसरा तट पुतण्याच्या मुंबईतल्या मित्रांचा. त्यांचे म्हणणे, आयुष्य एकदाच मिळते, होडी स्वस्त आहे, आज घेऊन टाक, शिकणे पुढे होईलच. मला या दोन्ही तटांशी भांडावयाचे आहे. पहिला तट भित्रा आहे आणि दुसरा बेजबाबदार आहे. आणि माझ्या मते त्या दोघांचे अज्ञान एकच आहे.

प्रथम आमच्या ओट्याचा समाचार घेतो.

नगर जिल्हा, म्हणजे आता ज्याला अहिल्यानगर म्हणावयाचे तो, दुष्काळी म्हणून प्रसिद्ध. परंतु या दुष्काळी जिल्ह्यात पाणी किती आहे हे कोणी नकाशा उघडून पाहिले आहे काय? भंडारदऱ्याचे धरण 1926 साली पुरे झाले. बारागाव नांदूरला मुळेचे धरण आहे; त्यात 26 अब्ज घनफूट पाणी मावते. पैठणला जायकवाडीचे धरण झाले आणि नाथसागराचे पाणी नेवासे व शेवगाव तालुक्यांत शिरले. कित्येक गावे त्याने गिळली. काही ठिकाणी त्याच्या काठी उभे राहिले तर पलीकडचा काठ धड दिसत नाही. वाराही आम्हांस परका नाही. सुप्याकडच्या डोंगरावर पवनचक्क्या फिरतात त्या काही कोकणातून आणलेल्या वाऱ्यावर नव्हेत.

म्हणजे पाणी आहे आणि वारा आहे. नाही ती ओळख. आमच्या लेखी पाणी म्हणजे आवर्तन. ते कधी सुटणार, किती दिवस चालणार, टेलच्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचणार की नाही, आणि वरच्या धरणातून खाली जायकवाडीला किती सोडावे लागणार, यावर आम्ही रात्र रात्र वाद घालू. ते वाद खोटे नाहीत. त्यांवर आमची पोटे आहेत. परंतु ज्या पाण्यासाठी आम्ही मोर्चे काढतो, त्यात आमच्या पोराला पाच मिनिटे तरंगता येत नाही, याची लाज आम्हांस कधी वाटली नाही.

ही लाज केवळ शोभेची नव्हे. 2024 च्या मे महिन्यातला एक आठवडा आठवावा. 21 तारखेला उजनीच्या जलाशयात कुगावहून कळाशीस निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जीव गेले. एकजण पोहता येत होते म्हणून काठास लागला. दुसऱ्याच दिवशी आपल्या अकोले तालुक्यात सुगावजवळ प्रवरेत दोन तरुण बुडाले. त्यांचा शोध घ्यावयास राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी आली, तर 23 तारखेला तिचीच होडी भोवऱ्यात सापडून उलटली व दलाचे तीन जवान गेले. जे वाचवावयास आले तेच बुडाले! यावर आमच्याकडे निष्कर्ष काढला जातो तो असा की, ‘म्हणून पाण्याच्या वाटेस जाऊ नये.’ अहो, पाणी आता तुमच्या वाटेस आले आहे. धरणे बांधून तुम्हीच ते दारात आणले. त्याच्याकडे पाठ करून बसणे याला सावधपणा म्हणत नाहीत.

सरकारची दृष्टीही ओट्यापेक्षा फारशी निराळी नाही. 2025 च्या सप्टेंबरात वस्तू व सेवा कराची फेरमांडणी झाली. तीत हौसेच्या नौकांना 40 टक्क्यांच्या पायरीवर, साखरेच्या शीतपेयांच्या पंगतीस बसविले. कोट्यधीशाची तरंगती हवेली आणि शाळामास्तराने मुलांना घेऊन जाण्यासाठी घेतलेली शिडाची होडी यांत करवसुली करणाऱ्यास फरक दिसत नाही. शीड म्हणजे चैन, हा समज आमच्या ओट्यावर आहे तसाच दिल्लीतही आहे. साहजिकच नव्या होडीचा विचार सोडून बेताच्या मिळकतीचा माणूस जुन्या होडीकडे वळतो. आणि येथे आमचा दुसरा तट त्याला गाठतो.

या दुसऱ्या तटाशी माझे भांडण अधिक कडक आहे, कारण हे लोक उत्साही आहेत आणि उत्साही माणसाचे ऐकावेसे वाटते.

जुनी वस्तू घेणे आम्हांस नवे नाही. काष्टीच्या किंवा घोडेगावच्या बाजारात बैल घेणारा शेतकरी काय करतो? दात पाहतो, खूर उचलून पाहतो, खांदा चाचपतो, चार पावले चालवून पाहतो, आणि विकणाऱ्याच्या गोड बोलण्याकडे कानाडोळा करतो. शेतकऱ्याची बायको मडके घेते ते वाजवून. हाच शहाणपणा माणूस होडीसमोर उभा राहिला की कोठे जातो कोण जाणे! निळा पट्टा, पितळेची घडी, पांढरे शीड पाहिले की त्याचे डोके ठिकाणावर राहत नाही.

मी पुतण्याबरोबर होडी पाहावयास गेलो. मुंबईजवळच्या एका खाडीत ती नांगरलेली होती. मालक मोठा गोड माणूस. त्याने चहा दिला, सूर्यास्ताची वर्णने केली. आम्ही बरोबर कोकणातला एक वृद्ध मिस्त्री नेला होता. त्याने सूर्यास्ताकडे पाहिले नाही. खिशातून लहानशी हातोडी काढली आणि तो होडीची पाठ वाजवीत चालला. टण्, टण्, टण्. आणि डोलकाठीच्या बुंध्याशी येताच, थप्. पुन्हा थप्. तो मालकाकडे न पाहता पुतण्यास म्हणाला, “आत लाकूड कुजलंय.”

त्याचा अर्थ त्याने मग समजावून दिला. काचतंतूच्या होडीस कीड लागत नाही हे खरे. परंतु तिच्या पाठीच्या दोन पापुद्र्यांमध्ये पुष्कळदा हलके लाकूड भरलेले असते. जेथे जेथे खिळा किंवा बोल्ट पाठीतून आरपार गेला, तेथून वर्षानुवर्षे पाणी झिरपते आणि आतले लाकूड पोह्यासारखे भिजते. वरून रंग दिला की झाले. पाण्याखालच्या अंगास फोड येतात. ते होडी पाण्याबाहेर काढल्याशिवाय दिसत नाहीत. डोलकाठीस ताणून धरणाऱ्या पोलादी तारांचे आयुष्य दहापंधरा वर्षांचे. त्या बाहेरून चकचकीत दिसतात आणि टोकाशी, जेथे त्या पकडीत शिरतात तेथे, आतून तुटत येतात. एक तार गेली की वाऱ्यात डोलकाठी खाली येते, आणि खाली कोण बसले आहे हे ती पाहत नाही. तळाशी जड लोखंड किंवा शिसे असते, ज्याच्या भाराने होडी सरळ उभी राहते. ते ज्या बोल्टांनी धरलेले असते त्यांस गंज चढला आहे की काय हे पाहणे सर्वांत कठीण आणि सर्वांत अगत्याचे.

मित्रांना हे सांगितले तेव्हा त्यांनी जोशुआ स्लोकमचे नाव पुढे केले. जुन्या होडीची वकिली करणारा प्रत्येक माणूस शेवटी स्लोकमवर येतो. जगप्रदक्षिणा एकट्याने करणारा हा पहिला मनुष्य. 1895 ते 1898 या काळात त्याने ‘स्प्रे’ नावाच्या नौकेतून ती केली, आणि ही नौका त्याला फुकट मिळालेली, माळावर पडून कुजत असलेली होती. सारे खरे. परंतु ही मंडळी अर्धीच गोष्ट सांगतात. स्लोकमने त्या सांगाड्यावर 13 महिने स्वतःच्या हातांनी काम केले, जवळजवळ प्रत्येक लाकूड नवे घातले, आणि त्यास 553 डॉलर 62 सेंट खर्च आला असा हिशेब लिहून ठेवला. म्हणजे ‘स्प्रे’ जुनी राहिली ती नावापुरती. शिवाय हा गृहस्थ उभे आयुष्य जहाजांचा कप्तान होता.

आणि स्लोकम जेव्हा कुटुंबासह निघाला होता, तेव्हा काय झाले? ब्राझीलमध्ये जहाज गमावल्यावर 1888 साली त्याने स्वतः नौका बांधली आणि बायको व दोन मुले यांना घेऊन तो हजारो मैल समुद्र ओलांडून अमेरिकेस सुखरूप पोहोचला. पराक्रम मोठाच. परंतु त्या बाईने पुढे त्याच्या सफरीत पुन्हा पाऊल ठेवले नाही. हे वाक्य मित्रांच्या बोलण्यात कधी येत नाही.

आपल्याकडचेच उदाहरण घ्या. नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे यांनी 2009 च्या ऑगस्टात मुंबईहून निघून 2010 च्या मे महिन्यात एकट्याने जगप्रदक्षिणा पुरी केली. असे करणारे ते पहिले भारतीय. त्यांची ‘म्हादेई’ गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली. सफर नऊ महिन्यांची; पण तिच्या तयारीस दोंद्यांनी हात घातला तो 2006 साली. नौका बांधली जात असता तिच्यापाशी राहून त्यांनी तिचा सांधा न् सांधा ओळखून घेतला. नऊ महिन्यांसाठी तीन वर्षे! आणि आमचे मित्र म्हणतात, आज घेऊन टाक.

कोणी म्हणेल, किनाऱ्याने हिंडणे म्हणजे जगप्रदक्षिणा नव्हे. नव्हेच. ऑक्टोबरपासून मेपर्यंत सकाळी मतलई वारे, दुपारी खारे वारे, असा कोकणकिनाऱ्याचा क्रम मोठा सोयीचा आहे. पावसाळ्यात शहाण्याने होडी काठावर ओढून ठेवावी आणि नारळी पौर्णिमेची वाट पाहावी; कोळी हेच करीत आले. परंतु किनाऱ्यावर खडक आहेत, मासेमारीची जाळी आहेत, रात्रीची जहाजे आहेत. 2020 च्या जूनमध्ये निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूस आले, पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आले. होडी घेणाऱ्याने ती वादळात कोठे ठेवणार हे आधी ठरवावे, मग किंमत विचारावी.

किमतीविषयीही एक भ्रम आहे. जुन्या होडीची किंमत म्हणजे लग्नातल्या नुसत्या मांडवाचा खर्च. जेवणावळ पुढेच आहे. तारा, शिडे, इंजिन, नांगर, रंग, जागेचे भाडे. जो गृहस्थ सगळी पुंजी खरेदीत घालतो त्याच्यापाशी दुरुस्तीस काही उरत नाही, आणि मग ‘या वर्षी चालेल’ असे तो म्हणू लागतो. या तीन शब्दांवर आपला पुष्कळ देश चालतो. त्यांवर मुलांना घेऊन समुद्रात जाऊ नये.

परंतु खरा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता. तो सूनबाईने काढला. ती संगमनेरची. आम्ही होडी पाहून आलो, पुरुष मंडळी तारांवर आणि बोल्टांवर वाद घालीत बसलो, आणि ती इतका वेळ मुकाट्याने वाटाणे सोलीत होती. मग म्हणाली, “काका, एकच विचारते. हे जर वाऱ्यात पाण्यात पडले, तर होडी वळवून माघारी कोण आणणार? मी?”

ओटा गप्प झाला. कारण कुटुंबासह होडीने हिंडावयाचे म्हणतात त्याची सारी परीक्षा या प्रश्नात आहे. कप्तान पडला तर उरलेले कुटुंब त्याला उचलून घेऊ शकते काय? शीड उतरविणे, होडी वळविणे, पडलेल्या माणसावरची नजर न काढणे, त्याला वर ओढणे, हे दुसऱ्या मोठ्या माणसास एकटीने करता आले पाहिजे. येत नसेल तर बाकी तिघे केवळ उतारू आहेत. पुतण्याने ‘आपण’ घेऊ, ‘आपण’ हिंडू, असे शंभर वेळा म्हटले होते. तिला शिकावयाचे आहे काय हे एकदाही विचारले नव्हते. मीही विचारले नव्हते, हे येथे कबूल केले पाहिजे. मी हातोडीच्या आवाजावर खूश होतो.

तेव्हा ‘घाटावरच्यांनी होडी घ्यावी काय’ याचे माझे उत्तर असे आहे. जरूर घ्यावी, जुनीच घ्यावी, परंतु सर्वांत शेवटी घ्यावी. आधी घरातल्या प्रत्येकाने पोहावयास शिकावे. मग दोघा नवरा-बायकोने लहान उघड्या शिडाच्या होडीत, जी उलटली तर पुन्हा सरळ करता येते, वारा ओळखावयास शिकावे. मग मिस्त्री न्यावा, होडी पाण्याबाहेर काढवून पाहावी, किमतीएवढीच रक्कम गाठीस बाजूला ठेवावी. आणि मग बयाणा द्यावा. तरंगते जाकीट मुलांच्या अंगावर बांधल्याशिवाय धक्का सोडू नये, हे सांगावे लागू नये, पण सांगतो.

आणि जिल्ह्याच्या पुढाऱ्यांना माझा सवाल आहे. खडकवासल्याच्या पाण्यावर प्रबोधिनीचे छात्र शीड हाकावयास शिकतात. मग मुळेच्या पाण्यावर राहुरीच्या मुलांनी का शिकू नये? साखर कारखाने काढणाऱ्या, शिक्षणसंस्था काढणाऱ्या या जिल्ह्यास दहा लहान होड्या आणि दोन शिक्षक जड आहेत काय? ज्यांची घरे धरणाखाली गेली त्यांच्या नातवंडांना त्या पाण्यावर एवढा तरी हक्क पोहोचतो.

ती होडी आम्ही घेतली नाही. पुतण्या रुसला होता, आता निवळला आहे. सूनबाई दसऱ्यापासून तरणतलावावर जाते आहे. परवा तिने पत्ता विचारला तो त्या मिस्त्रीचा.