लाल शिरा, पिवळा प्रकाश आणि सावळी त्वचा

चाकण किंवा भोसरीच्या एखाद्या यंत्रशाळेत लेसर किरणांनी पोलादी पत्रा कापताना पाहिला, की नवल वाटते. ना करवत, ना पाते. नुसत्या प्रकाशाच्या झोताने पोलाद वितळते आणि हवा तसा तुकडा निघतो. याच लेसरचा भाऊबंद आज त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यातही काम करतो. गालांवर आणि नाकाच्या कडेला दिसणाऱ्या बारीक लाल शिरा तो घालवतो. पोलाद कापणारा प्रकाश माणसाच्या गालावर कसा चालतो? त्वचा जळून का जात नाही? याचे उत्तर शाळेत शिकलेल्या प्रकाशाच्या धड्यातच दडलेले आहे. ते कळले, की या उपचाराकडे कोणत्या नजरेने पाहावे हेही ठरवता येते.

पहिली गोष्ट शोषणाची. एक सोपा प्रयोग करा. पांढऱ्या कागदावर लाल शाईने रेघ ओढा आणि ती हिरव्या जिलेटिन कागदातून पाहा. रेघ काळपट दिसेल. कारण लाल शाई हिरवा प्रकाश शोषून घेते. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनही असेच वागते. ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिन 542 आणि 577 नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे हिरवा व पिवळा प्रकाश चांगला शोषते आणि शोषलेल्या प्रकाशाची उष्णता होते. म्हणून 532 नॅनोमीटरचा हिरवा किंवा 595 नॅनोमीटरचा पिवळसर लेसर शिरेवर पडला, की आतले रक्त तापते, शिरेची भिंत भाजते व शीर बंद पडते. पुढे शरीरच हळूहळू तिची विल्हेवाट लावते.

दुसरी गोष्ट वेळेची. तापलेली शीर शेजारच्या त्वचेला उष्णता देऊ लागते. एक दशांश मिलिमीटर जाडीच्या शिरेला निवायला सुमारे 5 मिलिसेकंद लागतात; जाडी निम्मी असेल, तर वेळ चौथाई लागतो. तेवढ्या अवधीत प्रकाशाचा स्पंद आटोपला, तर शीर भाजते आणि शेजार वाचतो. पहिला लेसर 1960 साली थिओडोर मेमन यांनी चालवला. पुढे आर्गॉन लेसरने चेहऱ्यावरच्या लाल जन्मखुणांवर उपचार होऊ लागले, पण त्यांत कधी कधी व्रण राहत. योग्य रंग आणि योग्य अवधी यांची सांगड घालणारे तत्त्व अमेरिकेतील रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी 1983 साली मांडले, आणि मग या उपचाराला नेमकेपणा आला.

आता तिसरी गोष्ट, आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. शिरेपर्यंत पोचण्याआधी प्रकाशाला त्वचेचा वरचा थर ओलांडावा लागतो. तेथे मेलॅनिन हे रंजकद्रव्य असते आणि तेही हिरवा-पिवळा प्रकाश शोषते. गोऱ्या त्वचेत ते कमी, आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत अधिक. म्हणजे गोऱ्या गालासाठी ठरवलेली मात्रा सावळ्या गालावर वापरली, तर शिरेऐवजी त्वचाच भाजेल. काळे किंवा पांढरे डाग पडतील. म्हणून तज्ज्ञ डॉक्टर मात्रा कमी करतात, त्वचा थंड ठेवतात किंवा 1064 नॅनोमीटरचे अवरक्त किरण वापरतात. हे किरण मेलॅनिन कमी शोषते. यंत्र तेच असले, तरी ते चालवणाऱ्याला त्वचेचे ज्ञान हवे. सौंदर्यगृहात 'दिव्याचा उपचार' म्हणून ते सर्रास वापरले जावे, हे मला मुळीच मान्य नाही.

त्याहून मोठा प्रश्न असा, की चेहरा लाल झालाच का? कडक ऊन, ओतशाळेतील भट्टीची धग, रोझेशिया नावाचा विकार, ल्यूपससारखा गंभीर आजार, अशी अनेक कारणे असू शकतात. आपल्याकडे आणखी एक कारण वारंवार आढळते: गोरे होण्यासाठी किंवा मुरुमांसाठी मनाने लावलेले स्टिरॉइडयुक्त मलम. पहिले काही दिवस चेहरा उजळतो. पुढे त्वचा पातळ होते, शिरा उघड्या पडतात, आणि मलम थांबवताच आग होऊन चेहरा अधिकच लाल होतो. मग माणूस पुन्हा तेच मलम लावतो. 2018 साली केंद्र सरकारने अशा 14 स्टिरॉइड मलमांच्या चिठ्ठीविना विक्रीला मनाई केली. पण मैत्रिणीने सुचवलेल्या किंवा घरात उरलेल्या नळीला कायदा कसा अडवणार?

कोणी म्हणेल, "शिरा जातात ना, मग कारण कशाला शोधायचे?" शोधायलाच हवे. लेसर दिसणारी शीर बंद करतो. ती ज्यामुळे फुगली ते कारण बंद करत नाही. मलम चालूच राहिले किंवा भट्टीच्या धगीपासून बचाव झाला नाही, तर नव्या शिरा उमटतील आणि अनेक बैठकांचा खर्च वाया जाईल. गळका नळ चालू ठेवून फरशी पुसण्यासारखेच हे!

लेसर टाकाऊ आहे, असा याचा अर्थ नव्हे. जन्मखुणेमुळे मान खाली घालून वावरणाऱ्या मुलाला तो खरा दिलासा देऊ शकतो. पण क्रम चुकता कामा नये: आधी निदान, मग कारणाचा बंदोबस्त, आणि शेवटी प्रकाश. शिक्षकांनी हिरव्या कागदाचा प्रयोग वर्गात जरूर करावा आणि त्याच तासाला स्टिरॉइड मलमाबद्दलही बोलावे. आणि विद्यार्थी मित्रांनो, घरातल्या मलमाच्या नळीवरची बारीक अक्षरे आजच वाचून पाहा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी एखादे नाव दिसले, तर ते मलम मनाने चेहऱ्याला लावू नका. कोणी बरेच दिवस लावत असेल, तर त्याला लगेच डॉक्टरांकडे न्या.